समोरच्या घरची पट्टी

पहिल्या खेपेला कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा थोरलीची परीक्षा ऐन निम्म्यावर आली होती. ना आवाज, ना इशारा. पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला, तोंड अर्धवट उघडं असलेला. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत वेळ संपून गेली होती. ग्रंथपाल परीक्षेच्या मंडळाकडे तिनं इतके खेटे घातले की शेवटी त्यांनी आणखी एक संधी दिली, पण बजावून दिली की यापुढे नाही. पास झाली तर ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती इतकी वर्षं हंगामी म्हणून राबत होती तिथं कायम होणार होती. नापास झाली तर तिच्या खुर्चीत दुसरं कोणी येणार होतं आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे तिनंच त्याला शिकवायचं होतं.

परीक्षा घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर, आणि मंडळाकडे नोंदवलेल्या मशीनवरच. नोंदवलेलं मशीन म्हणजे टेबलाखालचा हा काळा डबा. आणि हा काळा डबा होता इन्स्पेक्टरांच्या ताब्यात.

इन्स्पेक्टर म्हणजे तिचा नवरा. पोलिसातले नव्हेत. पंप बनवणाऱ्या कारखान्यात तयार माल तपासायचा आणि पास-नापास ठरवायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. नोकरीतून निवृत्त झाले, तपासणीतून मात्र कोणी निवृत्त केलं नाही. आता घरात यायची ती प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेखालून जायची. चहाची गाळणी, दाराची बिजागरी, बायकोनं उन्हात टाकलेली चादर. कॉम्प्युटर तर त्यांनी स्वतः, सुटे भाग आणून, स्वतःच्या हातांनी जोडलेला. एक नव्हे, दोन. एक आपल्याकडे आणि तंतोतंत तसाच दुसरा समोरच्या दारात, धाकट्या भावाकडे.

थोरलीनं आधी सरळ मार्ग धरला होता. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याला तिनं घरी बोलावलं. तो बिचारा पिशवी घेऊन दारात उभा, आणि इन्स्पेक्टरांनी त्याला पायपुसण्यावरच थांबवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुम्ही आधी काय तपासाल? मग काय? त्याच्यानंतर काय? एका वेळी एकच भाग बदलता की चार? दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, बघितल्याशिवाय कसं सांगू?" झालं, नापास. तो गेला तेव्हा जिन्यात काहीतरी पुटपुटत होता, आणि जे काही पुटपुटत होता ते थोरलीला मनोमन पटलं.

"माझ्या हातचं मशीन आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "दोष मीच काढणार."

"काढा. पण परीक्षेच्या आधी काढा."

"दोष घाई करून सापडत नसतो."

मग सुरू झाली तपासणी. पहिला मान भिंतीतल्या प्लगचा. तिथं टेबलावरचा दिवा लावून बघितला, तो लागला. मग वायर. मग एक्स्टेन्शन बोर्ड. मग डब्याची बाजूची पाटी काढली आणि आत जमलेली धूळ रंगाच्या ब्रशानं झाडली. ती धूळ सगळी थोरलीच्या नोट्सवर बसली. मग छोट्या पंख्याचा आवाज कान लावून ऐकला. मग रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी कड खोडरबरानं घासली आणि परत बसवल्या. प्रत्येक गोष्टीनंतर मशीन सुरू करायचं आणि वाट बघायची. कधी ते चहा होईपर्यंत चालायचं, कधी दुपारभर चालून, आता झालं वाटेपर्यंत पटकन मान टाकायचं. कधी सुरूच व्हायचं नाही. थोरलीनं सराव प्रश्नपत्रिका उघडली की हमखास मान टाकायचं, असं तिचं ठाम मत होतं.

"तुझ्या प्रश्नपत्रिकेचा काही संबंध नाही," इन्स्पेक्टर म्हणायचे. "यंत्राला वाचता येत नाही."

"तुम्हाला येतं ना? मग कॅलेंडर वाचा."

संध्याकाळी कामावरून यावं, हातपाय धुऊन अभ्यासाला बसावं, तर टेबलावर पेचकस, स्क्रूंची बशी आणि बशीजवळ चष्मा कपाळावर चढवलेला नवरा. पुस्तकातून वाचता आलं असतं, पण परीक्षा पडद्यावरची, वेळ लावून द्यायची. तो सराव मशीनवरच व्हायला हवा होता. तिला रात्री झोप लागेना. स्वप्नात पडदा काळा व्हायचा.

शेवटी इन्स्पेक्टरांनी तपासणीची पुढची पायरी जाहीर केली. नीट चालणाऱ्या मशीनमधला भाग आणायचा, इथं लावून बघायचा. इथं चालला तर इथला भाग नासका. पद्धत बिनतोड होती. अडचण इतकीच की नीट चालणारं तसलं मशीन जगात एकच होतं, समोरच्या दारात, आणि समोरच्या दाराशी इन्स्पेक्टर बोलत नव्हते.

हे भांडण शिडीचं. धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरीही तेच केल्यासारखा बोलायचा. त्यानं दादाची शिडी नेली आणि परत आणली ती एका पायरीला तडा पाडून. बोलला काही नाही. इन्स्पेक्टरांनी शिडी तपासली, कारखान्यातून उरलेलं लाल लेबल काढलं, त्यावर 'नापास' लिहिलं, तड्याला बांधलं आणि शिडी मास्तरच्या दाराला टेकवून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ती वाचली. मास्तरच्या शिकवणीची पोरंही त्यात आली. त्या दिवसापासून दोघं भाऊ जिन्यात समोरासमोर आले की एक वर बघायचा, दुसरा खाली. दोन्ही घरांच्या मधली जागा असेल चार पावलांची, पण दोघांना ती ओलांडवेना.

जावा मात्र बोलत होत्या. त्यांना एकमेकींची साखर लागायची, किल्ल्या लागायच्या आणि नवऱ्यांबद्दल बोलायला कोणीतरी लागायचं. तेव्हा पट्टी आणायची जबाबदारी थोरलीवर येणार हे उघडच होतं.

"तिच्याकडे माग," इन्स्पेक्टर म्हणाले. "त्याला कळायचं कारण नाही."

"त्यांच्याच मशीनमधून काढायची आणि त्यांनाच कळायचं नाही?"

"ते तुम्ही दोघी बघा."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे हेच. थोरली गेली, धाकटीनं नवऱ्याला सांगितलं, आणि मास्तरांनी मशीन उघडून दोनातली एक पट्टी काढून दिली. धाकटी विणकाम करायची. तिनं पट्टी एका छोट्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि वर निळी लोकर गुंडाळून तिची ती खास गाठ मारली, दोन पाकळ्यांची, जी सोडवताना थोरलीची नखं दुखायची.

पट्टी आली, बसली, मशीन तरीही बंद पडलं. म्हणजे पट्टीचा दोष नाही. तिथं हा विषय मिटायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी डबा थोरलीच्या हातात दिला. "परत दे. आणि सांग, ही उजव्या खाचेतली होती की डाव्या, ते विचारलंय म्हणून."

समोरून संध्याकाळी उत्तर आलं. "डाव्या. आणि हे म्हणतात, स्लॉट फुंकून नका बघू, थुंकी उडते. ब्रश वापरा."

"मी फुंकतो असं त्याला कोणी सांगितलं?" इन्स्पेक्टर गुरगुरले. पण जरा वेळानं म्हणाले, "लहानपणी रेडिओ उघडला होता तेव्हा मी फुंकला होता. ते लक्षात ठेवलंय गाढवानं."

मग तो डबा फिरतच राहिला. तो इकडून गेला की निरोप घेऊन जायचा आणि तिकडून आला की टोमणा घेऊन यायचा. पुन्हा एकदा लावून बघतो म्हणावं. दादाला सांग, हट्ट सोड, पॉवर सप्लाय बघ. पॉवर सप्लाय मी त्याच्या आधी बघितलाय म्हणावं. आता त्याच्यात भर म्हणून मास्तरांचंही मशीन आचके द्यायला लागलं, म्हणे, त्यामुळं त्यांनाही पट्टी तपासायला हवी झाली. थोरली कामावरून आली की पिशवी खाली ठेवायच्या आत डबा पुढं यायचा. टपालवाल्याला निदान गणवेश तरी मिळतो, असं ती एकदा धाकटीला म्हणाली. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथं तिसरीचे फक्त जोडे झिजत होते. अभ्यासाचं पुस्तक होतं तिथंच होतं आणि परीक्षा उद्यावर आली होती.

त्या दिवशी तिनं रजा घेतली होती. दुपारी डबा परत द्यायला समोर गेली, तेव्हा धाकटी भाजी निवडत होती. तिनं डबा हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला.

"ताई, हा तुम्ही बांधला?"

"मला कुठं येते तुझी ती गाठ?"

"मग ही आठवड्यापूर्वी मी मारलेली गाठ आहे. तशीच. भाऊजींनी डबा उघडलाच नाही."

थोरली खुर्चीवर बसली. काल रात्री इन्स्पेक्टर पट्टी लावून बघितल्याचं सविस्तर सांगत होते. किती मिनिटं चाललं, मग कसं बंद पडलं. तिनं डोळ्यांनी काही बघितलं नव्हतं, ती आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून व्याख्या पाठ करत होती.

"आणि तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

धाकटी भाजीकडे बघत म्हणाली, "आमच्याकडेही तेच. आठवडाभर मी बघतेय, डबा कपाटावर ठेवतात आणि संध्याकाळी मला निरोप सांगतात. मशीन काही आचके देत नाही, ताई. उरलेल्या पट्टीवर ठणठणीत आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

थोरलीला काहीच माहीत नव्हतं. तिनं डबा तिथंच ठेवला. ती घरी आली. इन्स्पेक्टर अंघोळीला गेले होते. तिनं टेबलाखाली वाकून बटण दाबलं. मशीन सुरू झालं. तिनं सराव प्रश्नपत्रिका उघडली, वेळ लावली आणि सोडवायला बसली. पडदा उजळ राहिला. पंखा एका लयीत फिरत राहिला. डब्याच्या बाजूच्या पाटीवर हात आपटून बघावा या मोहापर्यंत ती आली, आणि तोही तिनं पुरा केला. पाटी खणखणली, मशीनला काही झालं नाही.

टॉवेलनं डोकं पुसत इन्स्पेक्टर बाहेर आले आणि दारातच थांबले.

"कधी सापडला दोष?" थोरलीनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

त्यांनी टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, "बटणाचा होता. पुढचं सुरू करायचं बटण. कडेला मळ साचून ते आत अडकायचं. ते आत दाबलेलं राहिलं की मशीन समजतं, आपल्याला बंद करताहेत. बटणाच्या वायरी सुट्या करून नुसता पेचकस टेकवून सुरू केलं, तर दिवसभर हूं की चूं नाही. मग बटण काढून स्पिरिटनं पुसलं. एवढंच."

"कधी, असं विचारलं मी."

"पट्टी पहिल्यांदा परत पाठवली, त्याच दिवशी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ठीक आहे. पण कळसा सापडल्यावरही वळसा घालत राहणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला, आणि त्याच्याशी आपलं लग्न झालंय हे तिला नव्यानं आठवलं.

"मी इथं रडकुंडीला आलेय," ती म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "सराव नाही, झोप नाही. ग्रंथालयात पुस्तक एका कपाटातलं दुसऱ्यात ठेवते. आणि मशीन चालू होतं. चालू होतं आणि तुम्ही मला सांगत होतात की बंद आहे."

"परीक्षेच्या आधी सांगणार होतो."

"परीक्षा उद्या आहे."

"आज सांगणार होतो." इन्स्पेक्टर पलंगाच्या कडेवर बसले. खाली बघत बोलले. "तो रोज काहीतरी उलटं सांगून पाठवायचा. मी काहीतरी पाठवायचो. दुरुस्त झालं म्हणून कळवलं असतं तर तेही थांबलं असतं. मग काय निमित्त काढायचं होतं मी?"

थोरलीला क्षणभर त्यांची दया आली, आणि आली म्हणून आणखी राग आला. एवढं एक वाक्य समोरच्या दारात जाऊन बोलायचं सोडून या माणसानं तिच्या नोकरीचा पूल बांधला होता आणि त्यावरून निरोप पाठवत बसला होता. हे तिनं त्यांना सांगितलंही, याहून बऱ्याच कडक शब्दांत.

"उद्या परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही घरात नको आहात. समोर जाऊन बसा."

"समोर कसा जाऊ?"

"पायांनी."

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर खरोखर गेले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले. धाकटीनं दार उघडलं आणि ते आत गेल्यावर लावून घेतलं, एवढं थोरलीनं दाराच्या फटीतून बघितलं. मग तिनं कडी घातली, खिडक्या लावल्या, कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र धरलं, आणि प्रश्न उघडले.

प्रश्न तिला येत होते. सराव नसूनही येत होते, कारण ती वर्षानुवर्षं हेच करत होती, फक्त त्याला असली नावं देत नव्हती. पडदा उजळ होता. निम्मी प्रश्नपत्रिका झाली, मागच्या वेळची ती जागा आली आणि गेलीसुद्धा.

तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला.

आधी नुसता घोगरा, मग चढत चढत दोन. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. इतके महिने मुके राहिलेले दोघं भाऊ आता सगळी थकबाकी एकदम वसूल करत होते. मधली दोन बंद दारं तिथं कमी पडत होती. पडद्यावर लाल चौकट उघडली. खोलीत अन्य व्यक्तीचा आवाज येत आहे. ही पहिली सूचना. दुसऱ्या सूचनेनंतर परीक्षा रद्द होईल.

तिला उठता येत नव्हतं. उठली तर रद्द. हाक मारली तर रद्द. मान वळवून दाराकडे बघायचीही सोय नव्हती. ती बसून राहिली, समोरचा प्रश्न वाचत राहिली, अक्षरं नुसती डोळ्यांवरून जात राहिली, आणि पोटात तिनं जन्मात न उच्चारलेल्या शिव्या एकामागून एक तयार होत राहिल्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. मशीन धडधाकट होतं आणि बंद पडायची पाळी तिच्यावर आली होती.

मग दार आपटल्याचा आवाज झाला. धाकटी. जिन्यावरून पावलं खाली निघाली, दोन जड आणि मागून एक हाकलणारं, आणि भांडण त्यांच्याबरोबर एकेक मजला उतरत बारीक होत गेलं. थोरली पुढच्या प्रश्नाकडे वळली. दुसरी चौकट आली नाही. उरलेले प्रश्न तिनं कसे सोडवले हे तिला नंतर आठवलं नाही. शेवटचं बटण दाबल्यावर पडदा थोडा वेळ विचार करत राहिला आणि मग त्यावर लहानशा अक्षरांत 'उत्तीर्ण' आलं. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग मशीन व्यवस्थित बंद केलं, चपला घातल्या आणि खाली उतरली.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, दोघं भाऊ अजून हातवारे करत होते. सायकलवाले वळून बघत जात होते. धाकटी कमरेवर हात ठेवून मध्ये उभी होती. थोरलीला बघितल्यावर इन्स्पेक्टरांचा हात अर्ध्यावरच राहिला.  जन्मभर ज्यानं लोकांना निकाल ऐकवले त्याला हा एक विचारायचा धीर होत नव्हता.

मास्तरांनीच विचारलं. "वहिनी, कशी झाली?"

"तुमचे आवाज आले," थोरली म्हणाली. ती नवऱ्याकडेच बघत होती. "सूचना मिळाली. आणखी एक आली असती तर परीक्षा रद्द होती. पास झाले. पण तुमच्यामुळं नाही, तुम्ही असूनही झाले."

इन्स्पेक्टर फाटकाच्या कट्ट्यावर बसले.  लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, पण त्यांच्या तोंडून जे तिनं कधी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी रस्त्यावर, चारचौघांत, मान खाली घालून म्हटलं. "चुकलं माझं."

 काहीतरी बोलावं म्हणून थोरली पुढं झाली, पण तिच्या आधी मास्तर पुढं झाले. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "जाऊ दे रे दादा. मीही कमी ताणलं नाही." इन्स्पेक्टरांनी तो हात धरला. दोघांचे डोळे पाणावले. धाकटी पदराला नाक पुसायला लागली.

थोरली बघत राहिली. आयुष्यात एकदा मिळायची माफी, तीसुद्धा दिरानं मधल्या मध्ये उचलली होती. तिनं दोघांना डोळे पुसू दिले. घाई केली नाही. मग ती नवऱ्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"ही त्यांची झाली," ती म्हणाली. "आता माझी म्हणा."